खेळातली विमानविद्या : विमानवाहू नौकेवर उतरण्याचा अभ्यास

आपल्या निवासी शाळेच्या पालकसभेत गेली काही वर्षे एक तक्रार वारंवार ऐकू येते : मुले संगणकावर आणि मोबाइलवर विमाने उडवीत बसतात, त्यातून त्यांना काय मिळते? तक्रार रास्त आहे आणि तिला विचारपूर्वक उत्तर देणे हे शिक्षकाचे काम आहे. या खेळांपैकी सर्वांत अवघड समजला जाणारा प्रकार म्हणजे समुद्रात चालत्या विमानवाहू नौकेवर विमान उतरविणे. हा प्रकार खेळातून खरोखर शिकता येतो काय, येत असल्यास किती, आणि त्यात आपल्या मुलांच्या उपयोगाचे काय आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

हा विषय आपल्या भागाला परका नाही. सावंतवाडीहून दोन-अडीच तासांच्या अंतरावर गोव्यात दाबोळी येथे नौदलाचा आयएनएस हंसा हा हवाई तळ आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाची प्रात्यक्षिके मालवणजवळ तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाली, तेव्हा नौकेवरून उडणारी मिग-२९के विमाने आपल्या जिल्ह्यातील लोकांनी डोक्यावरून जाताना पाहिली. ती विमाने परत कोठे आणि कशी उतरतात, हा प्रश्न मुलांनी विचारला नसता तरच नवल.

अडचण नेमकी कोणती?

चिपी येथील सिंधुदुर्ग विमानतळाची धावपट्टी २५०० मीटर लांब आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नौदलात दाखल झालेली आयएनएस विक्रांत ही संपूर्ण नौका २६२ मीटर लांब आहे. म्हणजे चिपीच्या एका धावपट्टीत साडेनऊ विक्रांत ओळीने उभ्या राहतील. त्यातही उतरण्याचा पट्टा नौकेच्या एका भागातच असतो. एवढ्या जागेत लढाऊ विमान स्वतःच्या ब्रेकने थांबू शकत नाही. म्हणून पट्ट्यावर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असतात आणि विमानाच्या शेपटीखाली एक मजबूत आकडा असतो. तो आकडा एखाद्या तारेत अडकला की तार ताणली जाते आणि डेकखालची यंत्रणा विमानाची गती शोषून घेते. तेजस विमानाची नौदलीय आवृत्ती नौकेवर उतरली तेव्हा ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने आलेले विमान अडीच सेकंदांत, सुमारे ९० मीटरमध्ये थांबले होते.

विमान बहुधा साडेतीन अंशांच्या आसपास उताराने खाली येते. या उताराने येणारे विमान एक किलोमीटर अंतरावर असताना सुमारे ६१ मीटर उंचीवर असते. अमेरिकन नौकांवर दोन तारांमधील अंतर साधारण १२ मीटर असते. त्रिकोणमितीने हिशेब केला, तर विमान योग्य रेषेपेक्षा अवघे पाऊण मीटर वर राहिले की आकडा एक तार ओलांडून पुढच्या तारेवर जातो. पाऊण मीटर म्हणजे वर्गातल्या बाकाची उंची. तीन बाके एकावर एक ठेवावीत एवढी चूक झाली, की सगळ्या तारा मागे राहण्याची वेळ येते.

दुसरी अडचण अशी की हा पट्टा नौकेच्या मध्यरेषेला समांतर नसतो. तो डावीकडे नऊ-दहा अंशांनी तिरपा काढलेला असतो. नौका सरळ पुढे जात असते, पट्टा मात्र तिरपा आहे. त्यामुळे येणाऱ्या वैमानिकाला तो सतत उजवीकडे सरकताना दिसतो. नौकेचा वेग २५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६ किलोमीटर, आणि कोन नऊ अंश धरला, तर पट्टा दर सेकंदाला सुमारे दोन मीटर बाजूला सरकतो. शेवटच्या पंधरा सेकंदांत तो तीस मीटर सरकलेला असतो. नवशिका खेळाडू पहिल्या पाचपन्नास प्रयत्नांत पट्ट्याच्या डाव्या बाजूला का जातो, याचे उत्तर या एका गुणाकारात आहे.

शंभर वर्षांचा इतिहास

१८ जानेवारी १९११ रोजी यूजीन एली या अमेरिकन वैमानिकाने सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात पेनसिल्व्हेनिया या नांगरलेल्या युद्धनौकेवर लाकडी फळ्यांच्या मंचावर विमान उतरविले. त्याला थांबविण्यासाठी दोन्ही टोकांना वाळूच्या पिशव्या बांधलेले दोर आडवे टाकले होते. आजच्या पोलादी तारांचे मूळ त्या दोरांत आहे. चालत्या नौकेवर पहिल्यांदा उतरला तो ब्रिटिश वैमानिक एडविन डनिंग. २ ऑगस्ट १९१७ रोजी तो फ्यूरियस या नौकेवर यशस्वीपणे उतरला आणि पाचच दिवसांनी पुन्हा प्रयत्न करताना विमान समुद्रात कोसळून मरण पावला. त्या काळी अशा अभ्यासात चुकीची किंमत एकच होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर जेट विमाने आली, वेग वाढला आणि जुन्या रीती अपुऱ्या पडल्या. तेव्हा ब्रिटिश नौदलातून तीन शोध पुढे आले : तिरपा डेक, वाफेवर चालणारे कॅटापुल्ट आणि आरशाची उतरण-खूण. यांतील आरशाची कथा शिक्षकांनी वर्गात आवर्जून सांगावी अशी आहे. निकोलस गुडहार्ट या अधिकाऱ्याने १९५१ च्या सुमारास ही कल्पना मांडली. तिचे प्रात्यक्षिक त्याने टेबलावर ठेवलेला हातआरसा, त्यावर ओढलेली लिपस्टिकची रेघ आणि एक विजेरी एवढ्या सामग्रीवर केले. कार्यालयातील सचिव बाईंना त्याने सांगितले, की विजेरीचे प्रतिबिंब त्या रेघेवरून हलू न देता पुढे या. विमानाशी काडीचाही संबंध नसलेल्या त्या बाई ठरलेल्या उताराने अचूक टेबलापर्यंत आल्या.

आपल्या मालवणच्या मच्छीमाराला हे तत्त्व नवे वाटणार नाही. खडकांतून होडी आत आणताना तो किनाऱ्यावरील एखादे झाड आणि मागच्या डोंगरावरील एखादी खूण एका ओळीत धरतो. ओळ मोडली की होडी वाट सोडते आहे, हे त्याला कळते. नौकेवरील वैमानिकही हिरव्या दिव्यांची आडवी ओळ आणि मधला तेजस्वी दिवा एका रेषेत ठेवतो. मधला दिवा ओळीच्या वर दिसला तर विमान उंच आहे, खाली दिसला तर विमान खाली आहे.

हे तिन्ही शोध अंगी घेऊन भारताची पहिली विमानवाहू नौका, जुनी आयएनएस विक्रांत, ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे नौदलात दाखल झाली. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट आर. एच. ताहिलियानी यांनी तिच्यावर सी हॉक हे जेट विमान उतरविले. विक्रांतच्या डेकवर जेट विमान उतरविणारे ते पहिले भारतीय होत. पुढे ते नौदलप्रमुख झाले. गोव्यातील बोगमाळो येथील नौदल विमान संग्रहालयात सी हॉक विमान आजही पाहावयास मिळते. शैक्षणिक सहल गोव्याला गेली, तर समुद्रकिनाऱ्याइतकाच वेळ या संग्रहालयाला द्यावा, अशी आमची शिफारस आहे.

खेळणे आणि शिक्षण

सावंतवाडीचे नाव लाकडी खेळण्यांसाठी सर्वदूर प्रसिद्ध आहे. म्हणून वैमानिक घडविणारे पहिले प्रभावी यंत्र एका वाद्यनिर्मात्याच्या कारखान्यात लाकूड आणि भाते यांपासून बनले, हे आपल्या वाचकांना विशेष रोचक वाटेल. अमेरिकेत एडविन लिंक याच्या वडिलांचा ऑर्गन बनविण्याचा व्यवसाय होता. हवेच्या दाबाने सूर काढणारे भाते लिंकला परिचयाचे होते. तेच भाते त्याने एका छोट्या लाकडी विमानाखाली बसविले आणि १९२९ मध्ये जमिनीवर उभे राहून डावी-उजवीकडे, वर-खाली झुकणारे यंत्र तयार केले. आरंभी गिऱ्हाईक मिळाले ते करमणुकीच्या बागांत. लोकांनी ते खेळणे मानले. १९३४ मध्ये अमेरिकेत टपाल वाहून नेणारे लष्करी वैमानिक खराब हवेत एकामागून एक मृत्युमुखी पडू लागले, तेव्हा सेनेने ही यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या असंख्य वैमानिकांनी या 'निळ्या पेटी'त बसून आंधळ्या उड्डाणाचा अभ्यास केला.

आजचे संगणकीय खेळ त्याच पेटीचे वारस आहेत. फ्लाइटगिअर हा कार्यक्रम १९९७ पासून विनामूल्य उपलब्ध आहे, साध्या संगणकावरही तो चालू शकतो आणि त्यात निमिट्झ ही अमेरिकन विमानवाहू नौका आहे. विशेष म्हणजे त्यात सी हॉक विमानही आहे. ताहिलियानींनी १९६१ मध्ये जे विमान विक्रांतवर उतरविले, त्याच जातीचे विमान आपला विद्यार्थी एक रुपयाही खर्च न करता नौकेवर उतरवून पाहू शकतो. डीसीएस हा अधिक सूक्ष्म खेळ आहे. त्यात हॉर्नेट विमान स्वतंत्रपणे विकत घ्यावे लागते, संगणकही ताकदीचा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये मे २०२२ पासून नौकेवर उतरण्याचे आव्हान आहे. शाळेसाठी आम्ही फ्लाइटगिअरच सुचवू.

अभ्यासाचा क्रम

पहिली पायरी : नौकेकडे जाऊच नये. मोकळ्या आकाशात चाके आणि आकडा खाली सोडून विमान उतरण्याच्या वेगावर आणावे आणि त्याच उंचीवर पाच मिनिटे स्थिर ठेवावे. येथे मुलांचा एक पक्का समज मोडतो. नाक वर केले की विमान वर जाते, असे त्यांना वाटत असते. या मंद वेगात नाक वर केल्यास विमानाचा वेग घटतो आणि ते अधिकच खाली बसते. म्हणून येथे उंची थ्रॉटलने, म्हणजे इंजिनाच्या शक्तीने सांभाळावयाची आणि नाकाचा कोन जॉयस्टिकने कायम राखावयाचा. हे हाताला पटेपर्यंत पुढे जाऊ नये.

दुसरी पायरी : जमिनीवरील विमानतळावर, ठरविलेल्या एकाच पांढऱ्या पट्ट्यावर पुनःपुन्हा उतरावे. साध्या विमानात आपण जमिनीजवळ नाक उचलून अलगद टेकतो. नौकेवर तसे करावयाचे नाही. उताराचा कोन शेवटपर्यंत तोच ठेवून विमान डेकवर आदळू द्यावयाचे असते. नौदलाच्या विमानांची चाके त्यासाठीच दणकट केलेली असतात.

तिसरी पायरी : दिवसाचा प्रकाश, शांत समुद्र, आणि नौकेच्या मागे चार-पाच किलोमीटरवर सरळ रेषेत विमान. आता लक्ष तीनच गोष्टींवर फिरत ठेवावयाचे : दिवा, पट्ट्याची मध्यरेषा आणि नाकाचा कोन. पुन्हा दिवा, मध्यरेषा, कोन. एकाच गोष्टीकडे टक लावली की उरलेल्या दोन बिघडतात. जेट इंजिन हाताच्या हालचालीला उशिरा प्रतिसाद देते. म्हणून दिवा वर सरकताच शक्ती थोडी कमी करावी, विमान रेषेकडे येऊ लागताच पुन्हा थोडी वाढवावी आणि मग मूळ जागी स्थिर करावी. कमी, अधिक, स्थिर अशी ही त्रिपदी आहे. फक्त 'कमी' करून थांबणारा विद्यार्थी नौकेच्या मागच्या कडेवर आपटतो.

चौथी पायरी : चाके टेकताच थ्रॉटल पूर्ण पुढे. हे मुलांना उलटे वाटते. पण आकडा तारेत अडकला की नाही हे कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. अडकला नसेल तर विमानाला पुन्हा उडावे लागते आणि त्यासाठी शक्ती तयार हवी. तार चुकवून पुन्हा उडण्याला 'बोल्टर' म्हणतात. बोल्टर होणे ही नित्याची गोष्ट आहे. त्यासाठी तयार नसणे मात्र घातक आहे.

प्रत्येक प्रयत्नानंतर वहीत तीन नोंदी कराव्यात : कोणती तार मिळाली, शेवटी दिवा कोठे होता आणि विमान मध्यरेषेच्या कोणत्या बाजूला होते. वहीशिवाय शंभर वेळा उतरणे हा खेळ झाला. वहीसह वीस वेळा उतरले तर तो अभ्यास होतो.

चुकीचा हिशेब

खऱ्या नौकेवर ही वही दुसरा कोणी लिहितो. डेकच्या कडेला उभा असलेला एलएसओ हा अधिकारी स्वतः अनुभवी वैमानिक असतो. तो येणाऱ्या प्रत्येक विमानाकडे पाहून सूचना देतो, धोका दिसल्यास लाल दिवे लावून परत पाठवितो आणि नंतर प्रत्येक वैमानिकाला त्याच्या उतरण्याचे टप्प्याटप्प्याने वाचन करून दाखवितो. अमेरिकन नौदलात सर्वांचे गुण तुकडीच्या फलकावर रंगांनी लावलेले असतात. तेथे हुद्दा पाहिला जात नाही. तुकडीचा प्रमुख चुकला तरी त्याच्या नावापुढे तोच रंग लागतो, जो कालच आलेल्या तरुणासमोर लागला असता. डीसीएस खेळातही संगणक अशीच श्रेणी देतो.

आमच्या मते या संपूर्ण विषयाचे सार येथे आहे. नौकेवर विमान उतरविणारा माणूस पाहिला की लोक म्हणतात, ही उपजत देणगी आहे, ते रक्तातच असावे लागते. इतिहास तसे सांगत नाही. डनिंगपासून ताहिलियानींपर्यंत जो फरक पडला, तो रक्तात पडला नाही. आरसा आला, तिरपा डेक आला, सराव आला आणि प्रत्येक चूक निर्भीडपणे सांगणारा माणूस आला. विद्या कोणाच्या कुळाची ठेव नसते, हे वाक्य आपण सभांतून अनेकदा ऐकतो. येथे त्याचा पुरावा मोजमापासह हाती येतो.

आता प्रश्न उरतो तो चुकण्याच्या संधीचा. ज्या घरातली मुले पहिल्यांदाच शाळेची पायरी चढतात, त्या घराला चूक परवडत नाही. एक वर्ष नापास झाले की मुलगी घरी बसते आणि मुलगा मजुरीला जातो. म्हणून अशी मुले उत्तर ठाऊक असूनही हात वर करीत नाहीत, प्रयोगशाळेत उपकरणाला हात लावीत नाहीत. अंगी बुद्धी कमी असते असे नाही. चुकून पाहण्याची मुभाच त्यांना कधी मिळालेली नसते. सिम्युलेटर ती मुभा देतो. तेथे विमान समुद्रात पडले तर कोणी रागावत नाही, काही फुटत नाही, आणि अर्ध्या मिनिटात तीच परीक्षा पुन्हा देता येते. दहाव्यांदा पडल्यावर 'आम्ही डावीकडे का जातो?' असा प्रश्न घेऊन मुले जेव्हा गणिताच्या शिक्षकांकडे जातात, तेव्हा त्रिकोणमिती त्यांची स्वतःची झालेली असते.

खेळाच्या मर्यादा

खेळाचे गुण सांगताना त्याच्या मर्यादा झाकू नयेत. अडीच सेकंदांत शरीर पट्ट्यांवर फेकले जाण्याचा दाब, रात्रीच्या समुद्राचा काळोख, इंधन संपत आल्याची भीती यांतले काहीही पडद्यावर येत नाही. सपाट पडद्यावर अंतराचा अंदाजही नीट येत नाही. महागडे अधिकृत यंत्रही पुरेसे ठरतेच असे नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१६ च्या अहवालात मिग-२९के विमानाचा सिम्युलेटर नौकेवर उतरण्याच्या प्रशिक्षणासाठी अयोग्य ठरल्याची नोंद आहे. त्यातील दृश्ये त्या प्रकारच्या उड्डाणाला साथ देत नव्हती. शिवाय चुकीची सवयही सरावानेच पक्की होते.

म्हणूनच सिम्युलेटर आणि समुद्र यांच्यामध्ये आणखी एक पायरी लागते आणि ती आपल्या शेजारी आहे. दाबोळीच्या हंसा तळावर नौकेच्या डेकसारखी व्यवस्था जमिनीवर उभारलेली आहे : उड्डाणासाठी वर चढत जाणारा उतार आणि उतरण्यासाठी पोलादी तारा. २० डिसेंबर २०१४ रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी तेजसची नौदलीय आवृत्ती त्या उतारावरून पहिल्यांदा उडविली. त्याच जागी तारेने अडवून उतरणे १३ सप्टेंबर २०१९ रोजी साधले. ११ जानेवारी २०२० रोजी मावळणकरांनीच ते विमान समुद्रात आयएनएस विक्रमादित्यवर उतरविले. गोव्याच्या जमिनीवरून नौकेच्या डेकपर्यंत पोहोचण्यास पाच वर्षे लागली. कुशल माणसेही पायऱ्या गाळीत नाहीत, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

पुढील वाट

ज्यांना या वाटेने खरोखर जावयाचे आहे, त्यांनी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय घेणे आवश्यक आहे. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आणि केरळातील एळिमला येथील नौदल अकादमी ही त्याची द्वारे आहेत. छत्रपती संभाजीनगर येथील सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट ही राज्य शासनाची संस्था १९७७ पासून मुलांना त्यासाठी तयार करते. मुलींसाठी नाशिक येथे तशीच संस्था सुरू झाली आहे. प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली, आणि जुलै २०२५ मध्ये सब लेफ्टनंट आस्था पुनिया या नौदलाच्या लढाऊ विमान शाखेत निवडल्या गेलेल्या पहिल्या महिला ठरल्या. आपल्या वसतिगृहातील मुलींनी हे नाव लक्षात ठेवावे.

प्रत्येक मूल वैमानिक होणार नाही, व्हावे असेही नाही. पण पालकांनी मुलाला पडद्यापासून ओढून काढण्यापूर्वी एकदा विचारावे, 'आज किती वेळा पडलास आणि का पडलास?' उत्तरात कारण आले, तर अभ्यास चालू आहे असे समजावे. माजी विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच, की कार्यालयातून निघणारा एखादा चालू स्थितीतील संगणक किंवा एक साधी जॉयस्टिक शाळेच्या संगणक कक्षाला दिलीत, तर ती एखाद्या ढालीपेक्षा अधिक काळ कामास येईल. आठवड्यातून एक तास, गणिताच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि वहीसह, एवढी शिस्त शाळेने पाळावी.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. विमान साडेतीन अंशांच्या उताराने येत आहे. नौकेपासून ५०० मीटर अंतरावर त्याची उंची किती असावी?

२. नौकेचा वेग ३० नॉट आणि पट्ट्याचा कोन नऊ अंश असल्यास, पट्टा दर सेकंदाला किती मीटर बाजूला सरकेल? (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर.)

३. ताशी २४० किलोमीटर वेगाचे विमान अडीच सेकंदांत थांबले, तर सरासरी मंदन किती? ते गुरुत्वत्वरणाच्या किती पट आहे?

४. हातआरसा, खडूची रेघ आणि विजेरी घेऊन गुडहार्टचा प्रयोग वर्गात करा आणि प्रत्येकाची चूक वहीत नोंदवा.